मैत्रेयीचं इंजिन कोरडं ठेवताना

७ जुलै
मैत्रेयी सकाळच्या गाडीने गेली. तिचं विमान दिवाळीपर्यंत माझ्या ताब्यात. जुनं आहे, दोन सीटचं आहे, पण विमान ते विमान. पेडगावला महारुद्रच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंय. महारुद्र माझा विद्यार्थी. सायन्समध्ये काठावर पास, पण जागा चांगली दिली.
नोव्हेंबरपासून पोरगी फ्लाइंग क्लबमधली विमान शिकवायची नोकरी सोडून याच विमानातून एका बियाणे कंपनीसाठी पिकांचे फोटो काढणार. सगळी भिस्त या एका इंजिनावर.
जाताना म्हणाली, "बाबा, पावसाळ्यात इंजिन आतून गंजतं. स्पार्क प्लगच्या जागी सिलिकाच्या नळ्या लावल्यात, त्या ओल शोषतात. आतले निळे दाणे गुलाबी झाले की नळी बदला. बाकी कशालाही हात लावू नका."
आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढंच काम? असो.

१० जुलै
दाणे निळे.

११ जुलै
निळेच. पेडगावला जाण्यायेण्यात दिवस गेला. समाधान नाही.

१६ जुलै
दमट हवा. घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. फेऱ्या मारताना सुचलं: माणूस आणि मशीन सारखंच. रिटायर झाल्यावर मी बसून राहिलो, गुडघे धरले. इंजिन बसून राहिलं तर तेही धरणार. रोज थोडं चालवावं. गरम होईल, ओल उडून जाईल. इतकी साधी गोष्ट मैत्रेयीला कशी सुचली नाही?
तिला विचारणार होतो. पण ती कामात असते.

१७ जुलै
नळ्या काढल्या, प्लग बसवले, विमान शेडबाहेर ढकललं, चाकांना दगड लावले. स्टार्टर मारला आणि बोललं इंजिन! अंगावर काटा आला. पाच मिनिटं चालवून बंद. कमलबाईंची (महारुद्रची आई) दोरीवरची दोन लुगडी उडून तुरीत गेली. प्रगतीत असं होतं.
संकल्प: रोज पाच मिनिटं. खंड नाही.

२४ जुलै
खंड नाही. काढलेल्या नळ्यांतले दाणे गुलाबी झाले होते. वाया कशाला घालवायचे म्हणून तव्यावर भाजले. पुन्हा निळे! बायकोला, कावेरीला, बोलावून दाखवले. तिने आधी तवा बघितला. म्हणाली, "हा तवा आता तुमच्या विमानातच ठेवा." आज जेवायला फक्त भात.

२ ऑगस्ट
महारुद्र म्हणाला, "सर, म्हस दूध चोरायलीय. तुमचं ते भर्र सुरू झालं की थरथरायलीय नुसती." मी म्हणालो, याला शास्त्रीय आधार नाही. तो म्हणाला, "म्हशीला कुठं म्हाईत हाय ते?"
उद्यापासून तीनच मिनिटं. म्हशीसाठी.

९ ऑगस्ट
मैत्रेयीचा फोन. "हात नाही ना लावला?" नाही म्हणालो. हातमोजे घालतो, तेव्हा खोटं नाही.
लगेच ठेवला तिने. विद्यार्थी थांबले होते म्हणे.

२१ ऑगस्ट
तेलाचं झाकण उघडलं. आतून पांढरट साय. लोण्यासारखी, मऊ. तेल चांगलं मुरतंय. फडक्याने पुसून घेतलं.

३ सप्टेंबर
साय वाढली. चांगलंच लक्षण असावं, पण मन लागत नाही. विचारायचं म्हणून दोनदा मैत्रेयीचा नंबर काढला. मग दोन्ही वेळा हवामान बघितलं. आर्द्रता फार. संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ चालवणे.

१४ सप्टेंबर
कावेरीने विचारलं, "अहो, पोरीने एवढं करायला सांगितलंय?" म्हणालो, सांगितलं त्यापेक्षा जास्तच करतोय. ती म्हणाली, "तेच विचारायलेय."

२० ऑक्टोबर
मैत्रेयी आली! पाडव्याला पहिलं उड्डाण, तिच्या शेजारच्या सीटवर मी. शाळेतल्या जुन्या शिक्षकांना निमंत्रणं दिली. गॉगल घेतला.

२१ ऑक्टोबर
तिने तेल काढलं. दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. मग बारीक कॅमेरा आत घालून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. शाफ्टवर गंज. फिल्टरमध्ये धातूचा चकाकणारा चुरा.
"बाबा, किती वेळा चालवलंत?"
सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं.
खाली बसली. म्हणाली, "पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. तुम्हीच शिकवलं होतं ना? पाच मिनिटांत तेल तापत नाही, ते पाणी आतच राहतं. चालवायचंच असेल तर उडवावं लागतं, चांगलं तासभर. नाहीतर हात लावायचा नसतो."
ते समीकरण मी बोर्डवर कित्येक वर्षं लिहिलं. खरोखरच्या इंजिनात ते लागू होतं, असं सिलॅबसमध्ये नव्हतं.
ओरडली नाही. बांधावर जाऊन कंपनीला फोन केला, या सीझनला जमणार नाही म्हणाली. मग क्लबला केला. नोकरी अजून आहे म्हणे. तेवढं चांगलं झालं, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं.

२२ ऑक्टोबर
पाडवा. शिक्षक आले. इंजिन उतरवताना बघून, चकल्या खाऊन गेले.

२५ ऑक्टोबर
इंजिन टेम्पोतून दुरुस्तीला हैदराबादला गेलं. मैत्रेयी संध्याकाळी गेली. स्टेशनवर म्हणाली, "बाबा, घरी करमत नसेल तर मला सांगायचं. इंजिनाला कशाला?" करमत नाही असं मी कुठे म्हणालो? गाडीला वेळ होता. मी फोनवर हवामान बघितलं.

३० ऑक्टोबर
दुपारी पेडगाव. आभाळ आलेलं. महारुद्र सोयाबीनची पोती शेडमध्ये आणायलाय. जागा पुरेना, तेव्हा एक पोतं विमानात ठेवायला निघाला. मी म्हणालो, "अरे, विमान आहे ते!"
"हाय की. पण सर, त्याला आता कुठं जायचंय?"
पावसाचे थेंब सुरू झाले. मी दार उघडून धरलं. पोतं माझ्या सीटवर बसलं. महारुद्र म्हणाला, "बेल्ट लावा, सर, कलंडायलंय."
लावला.