पुडीचं बळ

४ जुलै
आज पालमच्या गाडीत उभं ऱ्हावलं न्हाई. तिकिटं फाडता फाडता सीटवर टेकले. ड्रायव्हर गित्तेभाऊ म्हणाले, "ताई, रजा टाका की." रजा टाकून काय? झोपून उठलं की आणखी थकवा.

७ जुलै
गंगाखेडला दवाखान्यात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं ठीक. डॉक्टर म्हणे, टेन्शन घेऊ नका. आक्कालाबी असंच म्हणाले होते. माझी सख्खी बहीण. दमते दमते म्हणत वर्षात गेली. कशानं, ते कळलंच न्हाई.

२९ जुलै
बी-१२ची इंजेक्शनं झाली. डीची पावडर, लोहाच्या गोळ्या, अश्वगंधा. फरक शून्य. झाडू जड वाटायलाय. भीती वाटायलीय. यांना सांगितलं न्हाई.

३ ऑगस्ट
नणंदेनं सोनपेठच्या बाजारातून पुड्या आणल्या. "जडीबुटीच्या हायत वैनी, अपाय न्हाई." भुरकट, कडूजहर. घेतली.

५ ऑगस्ट
दोन फेऱ्या केल्या, वर घरी येऊन गोधड्या धुतल्या! भूक लय. हे म्हणाले, "आली का माझी बायको परत?" किती दिवसांनी हसले.

१४ सप्टें.
गाल फुगलेत. गित्तेभाऊंना वाटलं तब्येत सुधारली. पोटावर जांभळे पट्टे. हे काय नवीन? पुडी सोडायची हिंमत न्हाई.

२१ सप्टें.
पुड्या संपल्या. पुडीवाला बाजारात यायचाच बंद झालाय. परवापासून उलट्या. आज गाडीच्या पायरीवरच कोसळले. गित्तेभाऊंनी उचललं.

२३ सप्टें.
परभणी, मोठे डॉक्टर. तोंड बघूनच विचारलं, "पुडी कुठली घेत होता?" त्यात स्टिरॉइड असणार म्हणे. एकदम बंद झाल्यानं जीवावर बेतलं. आता त्याचीच गोळी चालू, हळूहळू कमी करायची.
मी विचारलं, "पण साहेब, थकवा तर पुडीच्या आधीचा हाय." घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मग मी आक्काचं सांगितलं.
"कातडी काळवंडली होती का त्यांची? तळहाताच्या रेघा? मीठ जास्त मागायच्या?"
मागायची. भाकरीवर नुस्तं मीठ घेऊन खायची. आमी हसायचो.
मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा आजार असू शकतो. पुडीनंबी ती ग्रंथी मंदावते, म्हणून आता लगेच कळणार न्हाई, थांबावं लागंल. आमाला एक पोर हाय, घराण्यात असतो का? "कधी कधी. मुलीला एकदा घेऊन या."


२६ सप्टें.
गोळीनं उठता येतंय. आरतीला काही सांगायचं न्हाई असं आमचं ठरलंय. चौदाची पोर. उगं धास्ती घेईल.
आज शाळेतून आली, दप्तर टाकलं नि फरशीवरच आडवी झाली.
"काय झालं गं?"
"काई न्हाई मम्मी. दमले."
कबड्डी होती म्हणे. असंल. लेकरं दमतातच.
शेजारी जाऊन बसले. हात हातात घेतला तर म्हणाली, "काय बघायलीस?"
उजेड कमी होता. रेघा नीट दिसल्या न्हाईत.