खुंटीवरचा मोर

४ सप्टेंबर ९९, शनिवार

कॉम्प्युटर बटण दाबून बंद केला! साडीच्या मागासारखा. शिकवायला येणारे चेतन सर ओरडलेच — "अरे, झोपवायच्या आधीच तोंडावर उशी दाबतोस काय?" परत चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींवर ओळी. वीस मिनिटं स्वतःच स्वतःला तपासत बसला. बंद करायच्या आधी त्याला सांगायचं असतं — shutdown. एकेक अक्षर बघून वहीच्या मागच्या पानावर उतरवलं. सातवी नापास माणसाला एवढं लांब स्पेलिंग!

सर म्हणाले, कमांडी वहीत लिहीत जा. मागून कमांडी लिहितो. पुढून हे. हे कोणाला दाखवायचं नाही.

५ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. सुरतेत नवागामला मामाच्या खोलीत राहतो, पण बसवत नाही. दोनदा डिंडोलीच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. उगाच.

तीन वर्षांत सहा कामं सोडली. कडोदऱ्याला माग, मग डाइंग, मग पार्सलं, परत माग. एका जागी उभं राहिलं की पायांत मुंग्या येतात. मग राघोमामानं भाईदास शेठसमोर शब्द टाकला — "या पोऱ्यानी जबाबदारी मन्ही." मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. लिंबायतला शेठकडे वीस वर्षं जॅकार्ड मागाची नक्षीची कार्डं कापतो. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर एकशेवीस जागा. भोक असलं की धागा उचलतो, कोरं असलं की खाली राहतो. अशी दोनशे चाळीस कार्डं दोरीनं ओवली की साडीच्या काठावर मोर उभा राहतो.

मी दहा महिने त्याच्या हाताखाली. एवढा मी कुठंच टिकलो नाही. त्यात हा कॉम्प्युटर आला.

७ सप्टेंबर

pwd — मी कुठे उभा आहे ते सांगतो.
ls — इथं काय काय आहे.
cd — दुसऱ्या खोलीत जा. cd आणि दोन टिंबं — आलास तसा मागे ये.

हे मला आवडलं! दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. खुर्चीतून न उठता. मामा म्हणाला, "हाई तुनाच सारखं शे. एक जागे बसत नही."

११ सप्टेंबर, शनिवार

सर बँकेतून सुटले की शनिवारी येतात. आज शेठ पण मागे उभा. सरांनी सांगितलं, हे लिनक्स फुकट आहे. मासिकाबरोबर सीडी आली होती, तीच घातली. कसं बनवलं तेही उघडं आहे. कोणीही बघा, बदला, दुसऱ्याला द्या.

शेठ हसला. "मफतमां कोण आपे, भाई? कांईक तो हशे."

खरंच पटेना. आमच्या बाजारात एक डिझाइन बाहेर गेलं तर माणसाचं तोंड काळं करतात. मामा तर डबा खायला बसताना पण कार्डांवर कपडा टाकतो.

मग cp शिकलो. एकाचे दोन करायचे. मी कमांड मारली, एंटर दाबलं, काहीच नाही. म्हटलं, बिघडला. सर म्हणाले, "काम झालं की हा बोलत नाही. चुकलास तरच बोलतो. गप्प बसला तर समज, झालं." मामासारखंच! दहा महिन्यांत एकदा शाबास म्हणाला नाही. चुकलं की मात्र डोक्यात टपली.

जाताना शेठ म्हणाला, कार्डं कापायचं मशीन याच कॉम्प्युटरला जोडणार. दिवाळीनंतर बाजार उघडतो त्या लाभपाचमपासून इथं एकच खुर्ची, एकच माणूस. "शीखी ले, योगराज. नहीं तो पाछो कडोदरा."

आणि मामा? मी विचारलं नाही. मामाही पट्टीनं पुठ्ठा मोजत राहिला.

१५ सप्टेंबर

प्रत्येक डिझाइनची फाइल बनवतोय. भोक म्हणजे x, कोरं म्हणजे टिंब. एक कार्ड, एक ओळ. मामा कार्ड बघून बोलतो, मी टायपतो.

आज cat मारला, तो फाइल दाखवतो. शेठच्या नंबरानं मोर बेचाळीस पडद्यावर सोडला. नुसते x आणि टिंबं, डोळे फिरतात. मामा मागून चहा घेऊन चालला होता. थांबला. "चोच तुटनी शे."

"कुठं?"

"खालतीन चौथी ओळ."

मोजलं. एक x राहिला होता! एबीसीडी न येणारा माणूस. चहा न सांडता.

२८ सप्टेंबर

एकतीस डिझाइनं संपली. आज शेठनं भिंतीच्या खुंट्यांवरचे कार्डांचे सगळे गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. "कॉम्प्युटरमां छे ने?" मामानं स्वतः खाली काढले. एकेक. हातगाडीपर्यंत स्वतः नेले. 

भिंत नागडी दिसते. खुंट्याच खुंट्या.

६ ऑक्टोबर

mv — हलव. mkdir — नवी खोली बांध. rm. rm पुसून टाकतो, त्याला सर म्हणाले जपून. जपतो.

आईचं पत्र आलं. "मामाले तरास देवू नको."

१४ ऑक्टोबर, गुरुवार

लगनसराईची मोठी ऑर्डर. कडोदऱ्याचे बारा माग, सगळ्यांवर मोर बेचाळीस. बुधवारी मशीन कार्डं कापणार. व्यापाऱ्याला काठ जरा बारीक पण बघायचाय. म्हणून मी nava नावाची नवी फाइल घेतली. चाळीस ओळी झाल्या. पाय वळवळायला लागले. म्हटलं, आज इथंच ठेवू. cp nava mor42. काही बोलला नाही. म्हणजे झालं.

१५ ऑक्टोबर

मेलो.

mor42 उघडली. चाळीस ओळी. फक्त चाळीस! वर-खाली केलं, बाहेर जाऊन आत आलो, ls मारला, परत उघडली. चाळीस. दोनशे चाळीसचा मोर गेला.

आमच्याकडे दुरुस्त गठ्ठा जुन्याच्याच खुंटीवर टांगतात, जुन्याच्या मागे. नव्यावर नमुना विणून होत नाही तोवर जुन्याला कोणी हात लावत नाही. मला वाटलं, नाव म्हणजे खुंटी. दोन्ही टांगलेले राहतील, एकामागे एक. यानं जुना फेकून दिला, आणि गप्प बसला! चुकलं तर बोलतो म्हणे!

भिंतीवरचा तर रद्दीत गेला. दोन वर्षांत हा मोर मागावर चढलेला नाही. कुठंच नाही आता.

१६ ऑक्टोबर, शनिवार

सर आलेच नाहीत. घरी फोन केला तर ताप आहे म्हणाले. फोनवर काय सांगू? शेठला काय सांगू? स्टेशनपर्यंत गेलो. गावाकडच्या, अमळनेरच्या गाडीला तासभर होता. मामाचा शब्द आठवला, जबाबदारी मन्ही. परत आलो.

मामाला सांगितलं. वाटलं, टपली बसेल. बसली नाही. म्हणाला, "सकाळे चावी लई ये."

१७ ऑक्टोबर, रविवार



कारखाना बंद. मी कुलूप काढलं. मामा गोधडीत काहीतरी गुंडाळून आला. सोडलं. कार्डांचा गठ्ठा. मोर बेचाळीस!

"हे कुठून?"

"खाटखालतून."

"मामा! रद्दीत दिले ना सगळे?"

"तीस दिले." एवढंच. मग म्हणाला, "हाऊ मन्हा पयला मोर शे. वीस वरीस पयलेना. देवाई ना माले." त्याला देववला नाही.

शेठला कळलं तर चोर म्हणेल. डिझाइन घरी नेलं म्हणजे विकायलाच नेलं, बाजारात दुसरा अर्थच नाही. मी म्हटलं तसं. मामा म्हणाला, "तू टाइप कर."

चष्मा लावलाच नाही त्यानं. डोळे मिटून, बोटं फिरवून वाचत होता — "दोन भोक, तीन कोरं, एक भोक, सात कोरं..." आरतीसारखं. दिवसभरात एकशे सत्तर कार्डं. एकदाही पाय वळवळले नाहीत.

१९ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू. दुपारी सगळे गेल्यावर आम्ही दोघं. पाच वाजता दोनशे चाळीसावी ओळ. cat मारला. मामानं वरून खालपर्यंत बघितलं. काही बोलला नाही.

२० ऑक्टोबर

मशीननं कार्डं कापली. बरोबर! शेठ खूश. मला पेढा. मामाला पण.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सर आले. माझी परीक्षा म्हणून शेठसमोर ls -l मारायला लावलं. प्रत्येक फाइलची तारीख दिसते त्यात. जुन्या डिझाइनांच्या सगळ्या सप्टेंबरच्या. mor42 एकोणीस ऑक्टोबर!

सर सहज बोलले, "ही दसऱ्याला कोणी बदलली?"

शेठ वळला. "दशेराने तो रजा हती. कार्ड तो रद्दीमां गयां. शेमांथी बदली?" कशावरून, असं विचारत होता.

 सांगायला हवं होतं, आधी cp मी मारला. एवढंच! मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कार्डं माझ्या घरी होती, शेठ. मीच फाइल बदलली. डिझाइन मनासारखं नव्हतं."

त्याला बटण कुठलं दाबायचं तेही येत नाही! आणि शेठनं ते मानलं. "डिझाइन घरे लई गयो, राघो? वीस वरस पछी?"

मी गप्प. पडद्यासारखा.

२५ ऑक्टोबर

शेठनं मामाला कामावरून काढलं. मामा सकाळच्या गाडीनं गावी गेला. पिशवी एकच. मला म्हणाला, "बसाले शिकना ना आते? मंग बस."

२९ ऑक्टोबर

बसतोय. खुर्ची टोचते.

३० ऑक्टोबर, शनिवार

सरांना विचारलं, cp एवढं मोठं पुसतो, विचारत कसा नाही? म्हणाले, "विचारतो की. cp -i लिहायचं. मग म्हणतो, हे आधीचं आहे, घालवू का? कोणाचं काही घालवलंस काय?"

"नाही," म्हटलं.

७ नोव्हेंबर, दिवाळी

नवागामात फटाके. खोलीत मी एकटा. मामाच्या खाटेवर झोपून बघितलं. खाली हात घातला, काही नाही. गठ्ठा शेठनं जप्त केलाय.

आईचं पत्र — "राघो बोलत नही कोणशीच. काय व्हयनं तठे?"

चारदा लिहायला घेतलं. चारदा फाडलं.

१० नोव्हेंबर

बाजार बंद. उधन्यापर्यंत चालत गेलो, चालत आलो. pwd. सुरत. pwd. सुरत. जाऊन जाऊन जाणार कुठं?

१३ नोव्हेंबर, शनिवार, लाभपाचम

सांगितलं. शेठ वहीपूजन करून उठला तसं, सरांसमोर. cp मी मारला. मामानं घरचा गठ्ठा आणला म्हणून बारा माग चालले. विकायचाच असता तर परत कशाला आणला असता? मामानं तुटलेली चोच कशी पकडली तेही सांगितलं.

शेठनं कपाटातून गठ्ठा काढला. बघत राहिला. सर म्हणाले, "कमांडी महिन्यात कोणीही शिकेल, शेठ. तुटलेली चोच उभ्या उभ्या कोण बघणार?"

शेठनं गठ्ठा टेबलावर ठेवला. "राघोने बोलावी ले. पण खुरशी एक ज छे, योगराज."

"माहीत आहे," म्हटलं.

१५ नोव्हेंबर

वहीची मागची, कमांडींची पानं सोडवून घेतली, दोऱ्यानं शिवली. मामासाठी, खुर्ची आता त्याची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात cp -i. उद्यापासून मी कडोदऱ्याला, मागावर. बारा मागांवर मोर आहे.