नदीकाठच्या व्हिलात अक्का

४ एप्रिल

ती. अक्कास, धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र. ऑपरेशननंतर तू सावरते आहेस, हे बघून बरं वाटतं. मेच्या सुट्टीसाठी मी एक व्हिला बघून ठेवलाय. छोटंसं गाव आहे, नदी तिथेच समुद्राला मिळते. पिंगीच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांनाही बोलावलंय, म्हणजे लग्नाआधी ओळख होईल.

पण अक्का, तू या खेपेला घरीच राहावंस असं मला वाटतं. तुझा श्वास आता गळ्याच्या भोकातून चालतो आणि तिथे चहूकडे पाणी, वाळू, वारा. चुकून पाणी आत गेलं तर? शिवाय नवी माणसं, त्यांना एकदम सगळं कसं सांगायचं? आलीसच तर निदान मफलर तरी गुंडाळून ये. पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ. रागावू नकोस, लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
बाळ्या

९ एप्रिल

चि. बाळ्यास, अ. उ. आ. या वेळचे आशीर्वाद जरा कडक आहेत.

काळजी माझ्या गळ्याची आहे की पाहुण्यांच्या डोळ्यांची, ते आधी ठरव. पाण्यापासून जपायचं हे मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. अंघोळसुद्धा मी गळ्याला झाकण लावून करते. खोकला आला की हात अजून तोंडाकडे जातो, मग आठवतं की तो गळ्याशी न्यायचा. तेवढाच काय तो गोंधळ. आणि मे महिन्यात मफलर? मी समुद्रकाठी चाललेय, बर्फात नाही.

जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांना पळवलं, आता मला कोपऱ्यात बसवू नकोस. तू व्हिला नुसता बघून ठेवला होतास. मी तो सुट्टीपुरता भाड्याने घेतला. मालकीणबाईंशी सगळं पक्कं झालं, तेही माझ्या नावावर. वरची हवेशीर खोली पाहुण्यांना, खालची मला, नदीकडची तुम्हा नवराबायकोला. तेव्हा आता तू माझा पाहुणा. येताना चांगला चहा आण आणि तोंड सरळ ठेव.

पाठराखीण नव्हे, यजमानीण,
अक्का

१६ एप्रिल

प्रिय आत्या, सा. न. आणि एक घट्ट मिठी.

तुझं पत्र वाचून बाबा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मी बाहेरूनच सांगितलं की आत्या नसेल तर मीही नाही. त्याला, म्हणजे तुझ्या होणाऱ्या जावयाला, मी तुझ्याबद्दल केव्हाच सांगितलंय. त्याच्या आईला सांगू का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, आत्या स्वतःच सांगेल, तिला कुणाची वकिली लागत नाही.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी. तू बोलण्यासाठी ते यंत्र गळ्याला लावलंस की बाबा उठून स्वयंपाकघरात जातात. मला वाटायचं, लाज वाटते. म्हणून परवा तू आली होतीस तेव्हा भांडायलाच मागोमाग गेले. ते सिंकपाशी पाठमोरे उभे राहून रडत होते. मला म्हणाले, हा आवाज अक्काचा नाही गं. भांडायचं राहूनच गेलं.

तुझ्या बाजूची,
पिंगी

८ मे

चि. बाळ्यास, अ. आ.

सगळ्यांना इथे सोडलंस आणि ऑफिसचं निमित्त काढून आल्या पावली परत गेलास. बरं. तू काय चुकवलंस ते ऐक.

पहिल्याच जेवणाला मी यंत्र लावून मीठ मागितलं. सगळे चमचे थांबले. विहीणबाईंनी मीठ दिलं आणि सरळ विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, आता नाही. संपलं. एवढ्यासाठी तू महिनाभर झोप घालवलीस.

काल होडीतून नदीच्या मुखापर्यंत गेलो. मी लाइफ जॅकेट घालून मधोमध बसले होते. ओहोटीची ओढ होती, आणि तेवढ्यात व्याहीबुवा फोटो काढायला ताडकन उभे राहिले. होडी कलंडली, पाणी काठावरून आत आलं. सगळे किंचाळले, कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला आणि मैदानावर द्यायचे तसा हुकूम दिला, खाली बसा! व्याही बसले. पिंगी बसली. वल्हं हातात धरून नावाडीही बसला. होडी सावरली. काठावर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, ह्यांना बसवणारा आवाज तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

पिंगीने मला सगळं सांगितलंय, तिला रागावू नकोस. जुना आवाज मलाही आठवतो रे. पण तो गेला आणि मी राहिले. मी आहे तिथे कुणी मला वजा करून सुट्टी काढायची नाही, तूसुद्धा नाही. व्हिला अजून आठवडाभर आपला आहे. रागावून ये, पण ये.

तुझी,
अक्का

११ मे

ती. अक्कास, सा. न.

बहुधा या पत्राच्या आधी मीच पोचेन. तरी लिहितो, कारण समोर आल्यावर मला बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. तेव्हा तूच बोल. हवं तेवढं बोल. मी उठून जाणार नाही.

बाळ्या