आतल्या खोलीचा ताबा

शनिवार, १५ नोव्हेंबर १९६९. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मनातले बोलावे असा एकही माणूस वेल्ह्यात नाही. पंचायत समितीच्या कचेरीत अकरा जण, त्यांत हातात घेतलेले वाक्य नीट संपवणारा मी एकटा.
मुक्काम: रायबाच्या घरातली आतली खोली. खिडकी नाही, पण थंडी लागत नाही. बाकीचे घर बंद असते. रायबा बायकोला घेऊन वर तोरणा किल्ल्याच्या अंगावरच्या वाडीत गुरांपाशी राहतो. जूनमध्ये मला खोली देताना म्हणाला, "घर तुमचंच समजा, भाऊसायेब." ९ जून, संध्याकाळी साडेपाच. तारीख आणि वेळ तिथल्या तिथे टिपून ठेवली. मालकाचे तोंडी निवेदन कोर्टात उपयोगी पडते.
दिवाळीला पुण्यास गेलो नाही. भावाचे घर आहे, पण मे महिन्यात वहिनींशी तत्त्वाचा वाद झाला आणि मी बाणेदारपणे बाहेर पडलो. माझी ट्रंक त्यांनी आधीच जिन्यात आणून ठेवली होती, हा भाग गौण आहे.
संकल्प: रोज पाचला उठणे. भाडेकरूंच्या हक्कांचा संपूर्ण अभ्यास. भोरच्या एका वकिलांकडून पुस्तक आणले आहे. आठ पाने झाली. आताच पुष्कळ कळते.

सोमवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळ
कचेरीतून आलो तर ओसरीवर दोन शेळ्या आणि माजघरात मालकीण. रायबाची बायको, सोजराबाई. बरोबर मुलगी भामा, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि वर वाडीत डॉक्टर नाही म्हणून खाली आल्या, असे बाईंनी सांगितले.
पूर्वसूचना नाही, पत्र नाही. भाडेकरू राहत असताना मालकाने उठून आपल्याच घरात राहायला यायचे! पुस्तकात याला काहीतरी नाव असणार. अजून त्या पानापर्यंत पोचलो नाही.
बाईंनी भाकरी आणि कुळथाचे पिठले आणून दिले. मनातल्या मनात निषेध नोंदवला आणि खाल्ले. तीन भाकऱ्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
पाचला उठलो नाही. शेळ्या रात्रभर खोकत होत्या.
माझ्या उंबऱ्याबाहेर खडूने रेघ मारली. अलीकडे माझा ताबा, पलीकडे त्यांचा. एका शेळीने रेघ चाटून साफ केली. पुन्हा मारली. पुन्हा चाटली. या जनावरांचा आणि माणसांचा कायद्याबद्दलचा आदर सारखाच.
भामा तांदूळ निवडत होती. तिला 'शांततापूर्ण उपभोग' म्हणजे काय ते अर्धा तास समजावले. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, तुमचं लगीन झालंय का. विषयांतर हा अडाण्यांचा स्वभाव.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. रात्री ८
युद्धाला तोंड फुटले.
सोजराबाई म्हणाल्या, बाळंतिणीला आतली खोली लागेल. बारा दिवस तुम्ही ओसरीवर पथारी टाका. वारा लागत नाही, शेक देता येतो, या घरातली सगळी बाळंतपणं तिथंच झाली. "म्या सोता त्याच खोलीत जलमले, आन् ही भामीबी."
कोण कुठे जन्मले याच्याशी माझा काय संबंध? मी स्पष्ट सांगितले, लेखी द्या. बाई हसल्या. लिहिता येत नाही म्हणाल्या. मग बोलता कशाला, असे मी विचारणार होतो, पण त्यांनी आंबाडीची भाजी वाढली.
ओसरीवर! पदवीधर माणूस! (बी.ए.चा एकच पेपर राहिला आहे.)

शनिवार, २२ नोव्हेंबर
नोटीस लिहिली. फुलस्केप दोन पाने. "तुम्ही सदर घरमालक असून, भाडेकरूच्या ताब्यातील खोलीत, बाळंतपणाच्या अथवा अन्य कोणत्याही सबबीखाली, शेळ्यांसह अथवा शेळ्यांवाचून, प्रवेश केल्यास..." 'शेळ्यांवाचून' हा शब्द घालून सगळ्या पळवाटा बंद केल्या. अशा माणसाला सरकार कारकून ठेवते.
नोटीस रायबाच्या नावे, पत्ता याच घराचा. मला तोंडी बोलायला आवडत नाही. तोंडी बोलताना समोरचा माणूस मध्येच बोलतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर
नोटीस रजिस्टर पोस्टाने रवाना. पोस्टमन भिमा म्हणाला, तुम्ही एकाच घरात राहता, हातात का देत नाही. त्याला कायद्याची पद्धत समजावली. त्याने मध्येच विडी पेटवली.

बुधवार, २६ नोव्हेंबर
आज अपेक्षेबाहेरचा प्रकार. रायबा वाडीवर, म्हणून भिमाने नोटीस सोजराबाईंच्या हातात दिली. बाईंनी ती सरळ माझ्याकडे आणली. घरात वाचता येणारा मी एकटाच. म्हणाल्या, वाचून दावा.
वाचली. आवाजात चढउतार ठेवून वाचली. शेवटी पाठवणाऱ्याचे नाव होते ते वाचले नाही. बाईंनी विचारलेही नाही. बाईंना काही म्हणता काही कळले नाही! समोरचा माणूस अडाणी असण्याचा हा फायदा.
मग म्हणाल्या, आता याला उत्तर लिहून द्या. "त्यो कोन आसंल त्याचं त्वांड बंद व्हयाला पायजे, आसं लिवा."
नाही कसे म्हणणार? कारण सांगावे लागले असते. शिवाय दुसऱ्या कोणाकडे, म्हणजे बाजारात अर्ज लिहून देणाऱ्या त्या सोपानकडे गेल्या असत्या. सोपान 'कायदा' हा शब्द 'कायधा' लिहितो. माझ्या नोटिशीला सोपानचे उत्तर! त्यापेक्षा मीच लिहीन. पण अगदी मिळमिळीत लिहायचे, म्हणजे खटल्यात आपले काम सोपे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. रात्री
दुपारी कचेरीत मिळमिळीत लिहायला बसलो. जमले नाही. हात वळत नाही. माझ्या हातून आजवर कच्चा मसुदा गेलेला नाही आणि एका बाईसाठी तो जाणार नाही.
उत्तर लिहिण्यापूर्वी मालकी तपासणे हा मसुद्याचा पहिला नियम. म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीचे रजिस्टर काढले. घर रायबाचे नाहीच! सोजराबाईंच्या वडिलांचे, त्यांच्या पश्चात सोजराबाईंच्या नावावर. म्हणजे रायबाला खोली द्यायचा अधिकारच नव्हता. नोटीस चुकीच्या माणसाला गेली. केवढा ढिसाळपणा!
त्याच पानाखाली शेरा आहे: 'तपासले, बरोबर आहे.' ऑगस्टमधल्या तपासणीचा. सही माझी.
मुद्दा एवढा सुरेख की तो न घालणे पाप झाले असते. घातला. शिवाय एक वाक्य सुचले, ते इथे उतरवून ठेवतो: "ज्या घरात मालकीण स्वतः राहते, त्या घराच्या एका खोलीत राहणारा इसम हा भाडेकरू नसून केवळ तिच्या परवानगीने राहणारा इसम होय, आणि परवानगी ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते." वाह. शेवटी: आजपासून पंधरा दिवसांत, म्हणजे १२ डिसेंबरपर्यंत खोली सोडावी, कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.
संध्याकाळी बाईंना वाचून दाखवले. अंगठा घेतला, शाई माझीच. बाई म्हणाल्या, लई ब्येस झालंय. ही या घरात माझ्या लेखनाची पहिली कदर.

शनिवार, २९ नोव्हेंबर
उत्तर मला मिळाले. रजिस्टर. सही करून घेतले. पोस्टमन तोंड फिरवून खोकत होता.
वाचले. भाषा जहाल. 'केवळ परवानगीने राहणारा इसम' या शब्दांनी माणसाचा अपमान होतो, हे लिहिताना लक्षात आले नव्हते.
घाबरण्याचे कारण नाही. या उत्तराला प्रत्युत्तर असणारच. सुचले की लिहितो.

रविवार, ३० नोव्हेंबर
सुचले नाही. सकाळ-दुपार विचार केला. उत्तरात एकही फट ठेवलेली नाही.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ६, एस.टी.त
रजा टाकली. भोरला वकिलांकडे निघालो. खोलीला नवे कुलूप, किल्ली जानव्याला. बाईंना बजावून सांगितले की कुलपाला कोणीही हात लावायचा नाही. बरं, म्हणाल्या. भामा भिंतीला पाठ टेकून उभी होती, चेहरा ओढलेला. तिने पाणी मागितले, बाई आत गेल्या. एस.टी. चुकेल म्हणून मी थांबलो नाही.

मंगळवार, २ डिसेंबर. दुपारी ३
सविस्तर लिहितो.
काल नसरापूरला गाडी बदलायची, तिथेच दोन तास गेले. भोरला वकिलांनी दोन्ही कागद वाचले. म्हणाले, नोटीस लिहिणारा गाढव आहे, पण उत्तर लिहिणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, उद्यापासून ठेवून घेतो. मनाला बरे वाटले. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, अक्षर पाहिले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. पुस्तक परत मागितले. परतीची गाडी नसरापुरात बंद पडली. रात्र स्टँडच्या बाकावर.
आज दुपारी घरी पोचलो. माझे कुलूप जसेच्या तसे. कडीही शाबूत. फक्त दार जागेवर नव्हते. दोन्ही फळ्या कडी-कुलपासकट चौकटीतून उचलून माजघराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. ही जुनी दारे बिजागरीवर नसतात, खुंटीवर फिरतात, वर उचलली की निघतात. सोजराबाई आणि ठकुबाई सुईण, दोघींनीच उचलले म्हणे. कुलपाला हात लावलेला नाही, हे मी स्वतः तपासले.
सामान ओसरीवर. ट्रंक, वळकटी, लोटा, आरसा, सगळे नीट, पुसून. दाराला गोधडी लावलेली. आतून धुरीचा वास आणि रडण्याचा आवाज. पहाटे मुलगी झाली. आवाज एवढ्याशा जिवाच्या मानाने फार मोठा. उपभोगास बाधा.
काल दुपारीच कळा वाढल्या होत्या म्हणे. माझी वाट बघितली असती तर पोर ओसरीवर, वाऱ्यात झाली असती, असे ठकुबाईने मला ऐकू येईल अशा बेताने शेळीला सांगितले. मी गोधडीकडे बघत बसलो होतो. आज मुद्दा मांडायचा मूड नव्हता.

शनिवार, ६ डिसेंबर (पेन्सिलीने)
आज पाचवी. सटवाई म्हणे रात्री येऊन पोरीच्या कपाळी नशीब लिहिते, तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचे असते. सोजराबाईंनी माझे फाउंटनपेन मागितले. दौतीतली शाईही. बारशापर्यंत पेन पाटावरून हलवायचे नाही, असा या घरचा रिवाज.
दिले. अंधश्रद्धा आहे हे सांगितले. पण निब जपून वापरा असेही सांगितले.

रविवार, ७ डिसेंबर
कागद बघून आलो. कोराच. बाईंना तसे म्हणालो. त्या म्हणाल्या, लिहिलेलं असतं, आपल्याला वाचता येत नाही. मला वाचता येत नाही! या घरात!

गुरुवार, ११ डिसेंबर
उद्या मुदत संपते.
या चार दिवसांत बाजारात खोलीची चौकशी केली. सरूबाईंकडे माळा रिकामा आहे, पण मालक त्याच घरात राहतात का, एवढे मी विचारताच त्यांनीच मला विचारले, तुम्ही नोटिसा पाठवणारे भाऊसाहेब का. दुसरीकडेही तेच. म्हादू किराणावाल्याने मात्र आदराने बसवले, चहा दिला. त्याला त्याचा भाडेकरू काढायचा आहे. सोजराबाईंसारखा कागद लिहून द्याल का म्हणाला.
पुण्याला भावाला पत्र टाकले होते. उत्तर वहिनींच्या अक्षरात आले. छोटे आहे.
विनंतीअर्ज करावा लागणार. 'कृपावंत मालकीणबाईंचे सेवेसी' अशी सुरुवात मनात तयार आहे. पण पेन पाटावर, आणि पेन्सिलीने अर्ज करणे नियमात बसत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळी ९
वळकटी बांधून ओसरीवर बसलो होतो. कोणी हाकलायला येईना, म्हणून शेवटी स्वतःच माजघरात गेलो. सोजराबाई नात मांडीवर घेऊन तेल लावत होत्या.
मी कायद्याच्या प्रस्तावनेने सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "कागुद ऱ्हाऊ द्या, भाऊसायेब. काय पायजे त्ये तोंडानं सांगा."
पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणालो, "मला दुसरीकडे कुठे जागा नाही."
"ठावं हाय," बाई म्हणाल्या. "त्या नोटिशीवरलं नाव वाचलं न्हाई तवाच कळलं. ज्याला घर आसतंय, त्यो आसलं लिवत न्हाई."
नात उलटी करून त्या तिच्या पाठीला तेल लावू लागल्या. ओसरी थंड पडते, कांबळं घेऊन जा, म्हणाल्या. संध्याकाळी शेळ्या मात्र तुम्ही बांधायच्या.
कांबळे घेतले. वळकटी सोडली.
उद्या बारसे. पाळण्याला दोर कमी पडतोय, बाजारातून आणायला सांगितले आहे. जाऊन येतो.