पिवळं विमान आणि आईचं ताट

२ नोव्हेंबर
आई स्वप्नात आली. धावपट्टीच्या कडेला उभी, अनवाणी. "थोरली कुठाय?" एवढंच. मी म्हटलं, आयोनाताई त्रिनिदादलाच आहे की गं! ऐकूनच घेईना. संध्याकाळी तिचं ताट मांडलं — मक्याचा उंडा, तुरीचे दाणे, भाजलेला मासा, एक चमचा. दार लोटून घेतलं. सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नाही. गेलेल्यांनी मागितलं की द्यावंच लागतं.

५ नोव्हेंबर
पिवळं विमान आलं! निम्म्या भाड्यात त्रिनिदाद! अख्खं कॅरिआकू बेट धावपट्टीवर — ढोल काय, रम काय. माझा लेक डेव्हन या नव्या कंपनीच्या काउंटरवर, पिवळा शर्ट घालून. जुन्या विमानाचा कॅप्टन फर्डी कुंपणाबाहेर उभा. म्हणाला, "नाच, व्हर्लीन, नाच. आजाऱ्याला खाटेसकट आणि मेलेल्याला पेटीसकट घरी कोण आणतं, ते कळेलच." डेव्हन घरी येऊन म्हणतो, "म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय!" थोबाडीत द्यावीशी वाटली.

१९ नोव्हेंबर
फर्डीच्या विमानात काल तीन माणसं. आज विमानच बंद.

२३ नोव्हेंबर
ताईचा फोन. पोटातली गाठ पसरलीय, डॉक्टरांनी हात टेकले. "मला आईशेजारी ठेव, व्हर्लीन. इथल्या मातीत नको."
डेव्हनला विचारलं. पिवळ्याचा नियम — खाट नाही, पेटी नाही. आपल्या पायांनी चढेल त्यालाच जागा. मालाच्या बोटीत ती टिकायची नाही, आणि पेटी घ्यायला खलाशी घाबरतात.
"मग तिकडेच गेली तर?"
"तिकडेच पुरायचं, आई."
आईचं ते 'थोरली कुठाय' आठवलं. उद्या निघते. पिवळ्यानेच — दुसरं आहे काय!

२६ नोव्हेंबर
परतीच्या विमानासाठी ताईने लालभडक लिपस्टिक लावली, चर्चची टोपी घातली. "कशी दिसते?" "नवरी!" जिन्यापाशी पिवळ्या शर्टातली पोरगी विचारते, "आजी, बऱ्या आहात ना?" "तुझ्यापेक्षा बरी गं बाई!" म्हणाली आणि चढली. माझा दंड असा धरला होता की अजून वळ आहेत.
खिडकीशी बसवलं. बेट दिसलं तशी म्हटलं, बघ ताई, आपली टेकडी! बोलली नाही. हात गार.
मी ओरडले नाही. विमान मागे फिरवतील ही धास्ती! टोपी नीट केली आणि बोलत राहिले — पाऊस, शेजारच्यांची बकरी, काहीबाही. माझं तोंड थांबलं असतं तर मीच मेले असते.
विमान टेकलं. वैमानिक म्हणाला, "आजींना उठवा." डेव्हन आत आला. तिला पाहिलं, मग मला. "मावशी दमलीय," मोठ्याने म्हणाला आणि तिला उचलून जिना उतरला. शर्टाला खांद्यावर लिपस्टिक लागली.

२८ नोव्हेंबर
पुरलं. आईशेजारीच. खांदा द्यायला फर्डी आला होता. पिवळ्यांना कळलंच; डेव्हनची नोकरी गेली. रात्री आईचं ताट मांडलं. एक चमचा.

२९ नोव्हेंबर
सकाळी दार उघडलं. ताटात चमचे दोन. एकाला लिपस्टिक लागलीय.