अस्खलित वाचते

सोमवार, ८ जानेवारी

पहिला तास फोटोत गेला. वरून नवीन फर्मान — रोज वर्गाचे दोन फोटो अ‍ॅपवर टाकायचे. शिकवल्याचा पुरावा म्हणे! मुलं हसरी हवीत, मागे फळा दिसायला हवा. सातवीला भाषा शिकवायला नेमलंय मला की लग्नाचे फोटो काढायला, हे एकदा कोणीतरी सांगून टाका. मागच्या बाकांना हसवण्यात दहा मिनिटं. मग नेट गेलं. मग फोटो "अस्पष्ट" म्हणून परत आला. शिकवायला उरली बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत काय झालं ते कोणीच विचारत नाही.

संध्याकाळी नणंद आली होती. "वहिनी, तुमचं बाई बरं असतं. दुपारनंतर मोकळ्याच." समोर तपासायच्या पंचेचाळीस वह्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, मी तिला बसायला सांगतेय. बसली.

मंगळवार, ९ जानेवारी

आज जे झालं ते अजून पचत नाहीये.

रेडिओला धडा वाचायला उठवलं. हे नाव वर्गानेच ठेवलंय — दोनदा ऐकलं की जसंच्या तसं बोलून दाखवते, म्हणून. गुणी पोर. आजही छान वाचत होती, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नाला आवाज चढवून. मी बाकांमधून फिरत तिच्या मागे गेले आणि सहज तिच्या पुस्तकात डोकावले. चाळिसाव्या पानासमोर थेट त्रेचाळिसावं. मधलं पान बांधणीतच सुटलेलं.

आणि ती एकेचाळिसावं पान वाचत होती.

तिला तसंच पुढे वाचू दिलं. तास संपल्यावर तिला थांबवलं आणि सहावीच्या वर्गातलं एक गोष्टीचं पुस्तक हातात दिलं. म्हटलं, कुठूनही वाच. ती पानाकडे बघत राहिली. मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, "बाई, आधी तुम्ही एकदा वाचा ना."

गुरुवार, ११ जानेवारी

मधल्या सुट्टीत तिला घेऊन प्रयोगशाळेत बसले. तिथे कोणी येत नाही. सुटी अक्षरं ओळखते. काना-मात्रा लागली की चाचपडते, जोडाक्षर आलं की संपलंच. सातवीत!

"मग पेपर कसा लिहितेस?"

"शेजारणीचं बघून. चित्र काढल्यासारखं उतरवते."

अक्षर इतकं वळणदार की मीच दोनदा शेरा दिलाय — सुवाच्य. कसलं सुवाच्य!

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

डोकं भणभणतंय. सहा वर्षं ही मुलगी वर्गात बसली. शिक्षकांच्या डोळ्यांसमोर. आम्ही काय करत होतो सगळे — हजेरी मांडत होतो?

शुक्रवार, १२ जानेवारी

आज वाचनाच्या पातळ्या अ‍ॅपवर भरायचा शेवटचा दिवस. रेडिओच्या नावापुढे मी पहिली, म्हणजे सगळ्यात खालची पातळी भरली. मोबाइलवर तिची ओळ लाल झाली. पाचव्या मिनिटाला मोठ्या बाईंचं बोलावणं.

"सातवीत लाल? अहो, आख्ख्या शाळेत एकही लाल नाही."

"तिला वाचता येत नाही, बाई."

"येईल हो हळूहळू. तोवर चौथी पातळी टाका. लाल दिसलं की मला वरून फोन येतो."

"मग येऊ द्या फोन. मी बोलते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे रागावल्या. "मागचं उकरून तुम्हाला काय मिळणार आहे? उरलेत तीन महिने. पुढच्या वर्गात जाईल ती."

तेच तर! पुढच्या वर्गात जाईल. तशीच तर इथवर आली.

लाल खोडलं नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत एकेकाला गाठलं. सहावीच्या बाई म्हणाल्या, पाचवीतून चांगला शेरा घेऊन आली होती. पाचवीच्या बाईंनी चौथीच्या सरांकडे बोट दाखवलं. सर डबा खात होते. चमचाही खाली ठेवला नाही.

"तिसरीच्या प्रगतिपत्रकात 'अस्खलित वाचते' असं होतं. मी कशाला शंका घेऊ?"

"वाचून घेतलंत का तिच्याकडून?"

"घेतलं की. छान वाचायची."

छान वाचायचीच ती. तेव्हाही रेडिओच होती.

म्हणजे मूळ तिसरीत. तिथे कोणीतरी दोन शब्द लिहिले आणि पुढच्या सगळ्यांनी त्यावर मान डोलावली. तिसरीच्या बाई त्या वर्षी बाळंतपणाच्या रजेवर होत्या, वर्षअखेर त्यांच्या जागी तात्पुरतं कोणीतरी आलं होतं, एवढंच कळलं. कोण, ते कोणालाच आठवत नाही. आठवेल कसं? पाट्या टाकून गेलेलं माणूस कोण लक्षात ठेवतं!

बुधवार, १७ जानेवारी

आज फोटो टाकला नाही. त्या दहा मिनिटांत रेडिओला वेलांट्या.

शुक्रवार, १९ जानेवारी

शिक्षण कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली. चौथीपासून सातवीपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकाचं नाव घातलं, माझ्यासकट — जूनपासून माझ्याच वर्गात आहे ती, मलाही सात महिने लागले. पण तिसरीचं नाव कळेना, तिथे जागा सोडली. पुढे लिहिलं : "ज्या व्यक्तीने या मुलीला एकदाही समोर उभं न करता हा शेरा दिला, तिने मुलीची चार वर्षं खाल्ली. अशा व्यक्तीच्या हाती पुन्हा वर्ग देऊ नये."

ह्यांना वाचून दाखवलं. भाजी चिरता चिरता ऐकत होते. म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा जहाल नाही वाटत?"

म्हटलं, मुळीच नाही. कमीच आहे.

"त्या माणसाचीही काही अडचण असेल."

मग मात्र भडकले. आजच्या शिक्षकांत अडचण कुणाला नाही? मला नाही? अ‍ॅप, फोटो, पालकांचे ग्रुप, सर्वेक्षणं, दिवसाकाठी चाळीस मेसेज. तरी मुलाकडे बघायचं ते बघायचंच. नाहीतर घरी बसावं. त्यांनी भाजी फार बारीक चिरली.

सोमवार, २२ जानेवारी

चांगली गोष्ट आधी. सुट्टीत व्हरांड्यातल्या नळावरची चिठ्ठी रेडिओने वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर — हा नळ बंद आहे. मग वळून माझ्याकडे बघितलं. "म्हणून पाणी येत नव्हतं होय!" तीन आठवडे रोज तो नळ सोडून बघत होती. मी हसले.

दुपारी तिची आई आली. दवाखान्यात चादरी धुण्याच्या कामावर आहे, तिथूनच तशी आली, बाह्या ओल्या. मी सगळं सांगितलं. तिने रागवावं, ओरडावं असं मला वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मला वाचता येत नाही, बाई. शेजारीण कागद वाचून दाखवायची. तिसरीला लिहून आलं, अस्खलित वाचते. मी तिला तीनदा वाचायला लावलं ते. घरात वाचणारी पहिलीच ना ही." मग म्हणाली, "पोर एकदा म्हणाली होती मला, आई, मला येत नाही गं. मी तिलाच रागावले. म्हटलं, बाई खोटं लिहितील का?"



तिला पत्राचं सांगितलं. म्हटलं, ज्यांनी हे केलं त्यांना जाब द्यावा लागेल. ती म्हणाली, तो कागद अजून आहे, जपून ठेवलाय. सही असेल त्यावर. लेकीबरोबर पाठवते.

मंगळवार, २३ जानेवारी

रेडिओ आली नाही. ताप आहे म्हणे. पत्र तसंच पडून.

बुधवार, २४ जानेवारी

कागद आला. सही माझी आहे.

ती तिसरीत होती त्या मार्चमध्ये मला दोन-तीन वर्गांवर फिरवलं होतं. कुठला वर्ग, कुठलं वर्ष, काही लक्षात नव्हतं. आता आठवतंय — एका दुपारी छप्पन्न पत्रकं भरली. समोर मुलं नव्हतीच. वरच्या कागदावरचा शेरा खालच्यावर उतरवत गेले.

पत्रातलं एकही वाक्य बदललं नाही. सोडलेल्या जागेत नाव लिहिलं आणि टपालात टाकलं. तिच्या आईला अजून सांगायचंय. उद्या शाळा सुटली की घरी जाते.