उजवीकडची दुधाची दाढ

१२ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी वेणी घालताना दिसलं, गौरीचा उजवा गाल सुजला. हातातला कंगवा तसाच राह्यला. सात वर्षांआधी मानेजवळ अशीच सूज आली होती अन् तिथूनच सगळं सुरू झालं. तीन वर्षांची होती तवा. आता दहावं सरून राह्यलं. "मम्मी, दाढ दुखते," म्हणे. दाढच हाय, दाढच हाय, असं मीच मले सांगत बसली. हे मेथी घेऊन खामगावले गेलेले, फोन उचलला नाही. भेंडी तोडायची राह्यली ती राह्यलीच.

१३ ऑगस्ट
खामगाव. दाताच्या डॉक्टरीणबाई तरण्या, बोलतात चांगल्या. दुधाची दाढ किडली म्हणे. मी सांगितलं, हिले रक्ताचा कॅन्सर होता, नागपूरले बरी झाली, औषध बंद होऊन पाच वर्षं झाले. तसा बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. आधी तिथल्या डॉक्टरांले विचारा, रक्त तपासा, मंग हात लावते. सुजेच्या गोळ्या देल्ल्या.
बरी झाली म्हणतात ना? मंग अजून परवानगी कायची?

१४ ऑगस्ट
नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांले फोन लागला एकदाचा. ते म्हणे, आता ती चारचौघांच्या पोरींसारखीच हाय, दात बिनधास्त दाखवा, फक्त रक्त पाहून घ्या. एक म्हणते चारचौघींसारखी, एक हात लावाले भेते. खरं कोणाचं धरू? डोकं नुसतं भणभणून राह्यलं. सगळा राग सासूबाईंवर निघाला, चहात साखर कमी पडली म्हणून.

१८ ऑगस्ट, सोमवार
रक्त चांगलं. सूज उतरली. एक्सरे काढला. बाईंनी बोट ठेवून दाखवलं : डावीकडच्या दुधाच्या दाढेखाली पक्क्या दाढेची कळी दिसते, उजवीकडे काहीच नाही. ज्या वयात ही कळी धरते त्याच वयात हिले ती औषधं चालू होती, त्यानं झालं असावं म्हणे. असावं! पक्कं नाही. काही पोरांची कळी उशिरा दिसते, काहींची दिसतच नाही.
आता दोन रस्ते. दाढ काढली तर दुखणं संपलं, पण जागा रिकामी राहील, बाजूचे दात कलतील. ठेवायची तर आतली नस साफ करून वर कॅप. टिकेल किती? दहा वर्षंही टिकेल, दोनही. मी म्हटलं तुम्हीच सांगा ना, तुम्ही डॉक्टर. बाई म्हणाल्या, मी ठेवा म्हणेन, पण घरी विचार करून या.
घरी काय कपाळ विचार करू? मिरचीचं रोप मेलं तर नांग्या भरतो, त्या जागी दुसरं लावतो. इथं काय लावू?
अजून एक. गोड काय खाते, बाईंनी विचारलं. तवा सांगितलं, नागपूरची कडू गोळी रोज झोपताना गुळात घालून देत होतो. अन् आता? आताही झोपताना गुळाचा खडा लागते तिले. गोळी सुटली, गूळ नाही सुटला. सासूबाई देतात, मीही कधी अडवलं नाही. त्या गुळावर पोरगी वाचली असं घरात सगळ्यांच्याच मनात हाय. माझ्याही. बाई म्हणाल्या, आजपासून बंद. जे चालू असताना ती जगली ते बंद करायचं म्हणजे...

२० ऑगस्ट
हे म्हणतात काढून टाक, लेकराले किती दिवस दुखू देतं. सासूबाई म्हणतात काढा अन् कवेलूवर टाका, नवी येते. स्लॅब टाकला तवा त्यांनी जुन्या घराच्या छपराचं एक कवेलू फोडू देल्लं नाही. गोठ्याच्या टिनावर नेऊन ठेवलं, दोन्हीकडून दगड लावून. टिनावर टाकलेला दात घरंगळून खाली येते म्हणून. गौरीचे पडलेले दात तिथंच टाकले. एक तेवढा नागपूरच्या बसमध्ये पडला अन् हरवला. त्याच्यामुळंच खाली रिकामं राह्यलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो बाई, तो समोरचा दात होता, अन् तो तर आला.
मले कवेलूचं हसू येते. अन् वाटते, खरं असलं तर?

२२ ऑगस्ट, पोळा
मी पुरण वाटत होती, हे बैल सजवून देवळाकडे गेले. गौरी अन् आजी गोठ्यामागं. बराच वेळ आवाज नाही म्हणून गेली तर दाढेले शिवायचा दोरा बांधलेला, तोंडातून रक्त. दाढ जागेवरच.
कापूस लावला, दाबून धर म्हटलं, अन् नुसती पाहत बसली. त्या दिवसांत नाकातून रक्त आलं की टॉवेल भिजायचा, थांबायचंच नाही. मोटर बोलवून अकोल्यापर्यंत पळालो होतो एकदा. आज बैल देवळातून परत यायच्या आत थांबलं. आपोआप. कापूस काढून पाह्यला, परत पाह्यला. तवा रडू आलं, आवरेच ना. बैल आल्यावर हेच ओवाळायची थाळी घेऊन दारात उभे, यांले वाटलं दाढ गेली.
सासूबाई दोरा बोटाले गुंडाळत होत्या. "मले वाटलं खालच्या दाढेची वाट मोकळी होईन," म्हणे. काय रागवू? पोळ्या गार झाल्या.

२४ ऑगस्ट, रविवार
गौरीले खरं सांगितलं. खाली दाढ नाही बहुतेक. बराच वेळ जीभ लावून बसली तिथं. मंग म्हणे, "मम्मी, म्हातारी झाली तरी मले दुधाची दाढ?" अन् हसत सुटली. मीही हसली. मंग एकदम, "मले नाही काढायची. हाय ते राहू दे."
दहा वर्षांच्या पोरीचं ऐकावं का? हे म्हणतात तोंड तिचं हाय. मले काही सुधरत नाही. तिचं ऐकून राह्यली खरी.

२ सप्टेंबर
दाढ साफ केली, चांदीसारखी कॅप बसवली. गौरी रडली नाही, घरी येऊन आरशात दहादा पाह्यली. वर्षानं परत एक्सरे काढू, कळी दिसते का पाहू, म्हणाल्या बाई. म्हणजे अजून वर्षभर हेच.
सासूबाईंनी विचारलं ही पडेल कधी. सांगितलं, कोणालेच माहीत नाही. त्या गोठ्याकडे पाहत राह्यल्या. मंग गौरीले म्हणे, "तवा मी नसन. कवेलू हलवू नको देजो कोणाले. तूच टाकजो." गौरी हाव म्हणाली.
जेवणं झाल्यावर त्यांचा हात सवयीनं गुळाच्या डब्यावर गेला, तिथंच थांबला. मी पाह्यलं नाही असं दाखवलं. डबा आता वरच्या फळीवर ठेवला मीच.
गौरी मोरीवर ब्रश करते अन् मी बाजूले उभी राहते. तिनं चूळ टाकली की आधी रंग पाहते. आज पांढराच होता. ती म्हणे, "मम्मी, किती दिवस पाहशीन?" मी मोरीत तांब्याभर पाणी ओतलं.